एकच नाव, दोन अर्थ

पुण्यात नुसते ‘वडगाव’ सांगून रिक्षा मिळत नाही. शेरी की बुद्रुक, हे जोडावेच लागते. सुसमन आणि स्टील यांनी १९७५ साली रचलेल्या स्कीम या संगणकभाषेच्या सहाव्या अहवालात (२००७) हे व्यवहारज्ञान कमी पडले आहे.

याद्या हाताळणाऱ्या फंक्शन्सचा एक संग्रह १९९९ पासून वापरात होता. त्यातल्या ‘रिमूव्ह’ला कसोटी द्यायची. ‘सम असेल ते काढ’ म्हटले की १, २, ३, ४ मधून १ आणि ३ उरतात. सहाव्या अहवालाने नाव तेच ठेवले आणि अर्थ बदलला: आता कसोटी नव्हे, काढायची वस्तूच द्यायची. सवयीने कसोटी दिली तर? यादीत ‘सम’ नावाचे फंक्शन शोधले जाते, ते सापडत नाही, आणि यादी जशीच्या तशी परत येते. तक्रार नाही, इशाराही नाही. विद्यार्थी बिचारा स्वतःच्या तर्कात चूक शोधत बसतो.

दोन्ही संग्रह एकदम आयात केले तर मात्र भाषा आज्ञावली नाकारते. हा कडकपणा चांगलाच. उपायही अहवालातच आहेत: मोजकी नावे घेणे, नको ती वगळणे, नाव बदलणे किंवा साऱ्या संग्रहाला उपसर्ग लावणे. वर्गासाठी मला उपसर्ग पसंत आहे. ‘यादी-रिमूव्ह’ वाचताच ते कुठले, हे कळते. टंकलेखन थोडे वाढते, वाढू द्यावे.

सातव्या अहवालाने (२०१३) आपल्या छोट्या भाषेत ‘रिमूव्ह’ ठेवलेच नाही. ही माघार मला योग्य वाटते.