वेदीसारखी खाट

एमान्युएल मूनिये (१९०५–१९५०) हे फ्रेंच कॅथलिक विचारवंत जिथे वाचले जातात, तिथे ते ‘एस्प्री’ या त्यांनी १९३२ साली सुरू केलेल्या नियतकालिकामुळे आणि त्यांच्या तत्त्वचिंतनामुळे. माणूस ही वस्तू नव्हे, तर व्यक्ती आहे आणि ती इतरांशी जडलेल्या नात्यातच फुलते, हा त्या चिंतनाचा गाभा. या विचाराची खरी कसोटी मात्र त्यांच्या ग्रंथांत नाही, ती आपल्या आजारी मुलीविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रांत आणि टिपणांत आहे, असे मला वाटते. हे लेखन त्यांच्या निधनानंतर, १९५६ साली, पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले.

फ्रांस्वाज १९३८ साली जन्मली. वर्षाची होण्याआधीच, देवीची लस टोचल्यानंतर, तिच्या मेंदूला सूज आली आणि मनाची वाढ तिथेच थांबली. पाठोपाठ महायुद्ध सुरू झाले. मूनिये सैन्यात दाखल झाले व तेथून पत्नी पोलेत हिला पत्रे लिहू लागले. मुलीच्या मूक खाटेपाशी जाताना वेदीजवळ जात असल्यासारखे वाटते, असे ते लिहितात. तिला ते पवित्र मिस्सातील लहानशा शुभ्र भाकरीची उपमा देतात. आपल्यावर कोसळलेला हा निव्वळ अपघात आहे असे मानायला ते तयार नाहीत.

तत्त्वज्ञ म्हणून त्यांच्यापुढील पेच साधा नव्हता. व्यक्ती म्हणजे हाकेला ओ देणारी, बांधिलकी पत्करणारी, असे ते सांगत आले होते. ही मुलगी तर कशालाच ओ देत नव्हती. मग एक तर तिला व्याख्येबाहेर ठेवायचे, नाहीतर व्याख्याच सोडायची. १९४९ च्या आपल्या छोट्या ग्रंथात त्यांनी व्यक्तीची व्याख्या करण्यास नकार दिला. व्याख्या वस्तूंची करता येते, असे त्यांचे म्हणणे. अभ्यासक याची अन्य कारणे देतील. मला मात्र त्या नकारामागे ती खाट दिसते.

तरीही वेदीच्या उपमेपाशी मी अडखळतो. वेदीवरील भाकरीला रात्री कूस बदलून द्यावी लागत नाही, तिची लाळ पुसावी लागत नाही. मूनिये छावणीत होते. शब्द त्यांचे होते, हात पोलेतचे. आणि अशी उपमा इतरांच्या तोंडी गेली की फार स्वस्त होते. देवाने तुमच्या घरी देवदूत धाडला आहे, असे म्हणून पाहुणे चहा पिऊन निघून जातात.

मार्कच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायातला बाप आठवावा. येशूने विचारले तेव्हा त्याने कोणतीही उपमा शोधली नाही. हे लहानपणापासून असेच आहे, पोर विस्तवात पडते, पाण्यात पडते, एवढेच त्याने सांगितले, आणि आपला विश्वास अपुरा आहे हेही कबूल केले. मूनिये यांची त्या बापाशी भेट पत्रांपेक्षा १९४० च्या एका टिपणात होते. मुलगी अशीच राहणार असेल तर तिला मरण यावे, असे आपण कित्येक महिने इच्छिले, असे ते तिथे लिहून जातात. लगेच ते स्वतःलाच खडसावतात, ‘दुःखी’ हा शब्द तिच्या लेखी काय अर्थाचा, असे विचारतात, आणि मग पुन्हा त्याच शुभ्र भाकरीकडे वळतात. त्या कबुलीनंतर आलेली उपमा मला मान्य आहे. तिची किंमत तिथे मोजलेली आहे.

हे लेखन मराठीत यावे. अनुवादकाला एक शब्द छळेल. मिस्सातील भाकरीसाठी मूनिये जो शब्द वापरतात, त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ वेदीवर अर्पिलेला बळी असा आहे. मराठीत ‘बळी’ लिहावे तर आजारी लेकराची आई पुस्तक मिटून ठेवील. ‘भाकर’ लिहावे तर अर्धा अर्थ निसटेल. मी ‘भाकर’च लिहीन.