नाव, गाव, तारीख : चित्तप्रसाद यांची दुष्काळचित्रं

प्रयोगशाळेत लेबल नसलेला नमुना बाद होतो. तो कुठून आणला, कधी घेतला हेच माहीत नसेल, तर त्यावरून कसला दावा करणार? निषेधाच्या चित्रांना हाच निकष लावून बघू या.

साल १९४३. बंगालमध्ये माणसं भुकेनं मरताहेत, पण ब्रिटिश सरकार अधिकृतपणे दुष्काळ जाहीर करत नाही. नोव्हेंबरात कम्युनिस्ट पक्षाचे चित्रकार चित्तप्रसाद (पुढे ते बरीच वर्षं आपल्या अंधेरीत राहिले) मिदनापूर जिल्ह्यात फिरले. भेटलेल्या माणसांची त्यांनी शाईनं रेखाटनं केली, सोबत वृत्तांत लिहिला. त्याची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका निघाली. सरकारनं तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या.

एवढी भीती कशाची? त्याच वर्षी झैनुल आबेदिन यांनीही कलकत्त्याच्या रस्त्यावरचे भुकेले लोक रेखाटले. स्वस्त कागद, काळी शाई, ब्रशचे मोजके फटकारे. निव्वळ चित्र म्हणून मला आबेदिन सरस वाटतात. पण त्यांच्या माणसांना नाव नाही. ती भूक कुठलीही, कधीचीही असू शकते. चित्तप्रसाद यांच्या कितीतरी रेखाटनांवर मात्र माणसाचं नाव, ठिकाण, तारीख लिहिलेली आहे. म्हणजे तुम्ही त्या गावी जाऊन खातरजमा करू शकता. हळहळून मोकळं व्हायची सोय इथे नाही.

तुम्ही म्हणाल, पक्षाचा माणूस, कोणाला रेखाटायचं हे त्यानंच ठरवलं. हा नमुना निःपक्षपाती कसा? बरोबर आहे. शिवाय एकूण किती माणसं गेली, हे ही चित्रं सांगूच शकत नाहीत. सरकारी चौकशी आयोगाचा अंदाज सुमारे १५ लाखांचा होता, नंतरच्या काही अभ्यासकांचा ३० लाखांच्या आसपास. आकडे त्यांच्याकडूनच घ्यायचे. पण त्या आकड्यातली माणसं कोण होती, हे आकडा सांगत नाही. ते काम या रेघांनी केलं, तेही मृत्यू अजून चालू असताना.

एक प्रत कुटुंबाकडे टिकली, म्हणून २०११ मध्ये पुस्तिका पुन्हा छापता आली. मिळाली तर जरूर बघा. आणि चेहऱ्यांच्या आधी चित्राच्या कडेला लिहिलेली अक्षरं वाचा.