कॅरिंग्टनचे टिपण आणि त्याची झालेली गोष्ट

सौरज्वालांवरील बहुतेक लेखांत एक गोष्ट हमखास आढळते. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलनिरीक्षकाला सूर्यावर प्रचंड ज्वाला दिसली. ती ज्वाला सुमारे सतरा तासांनी पृथ्वीवर येऊन आदळली, तारायंत्रे बिघडली, आणि अशा रीतीने कॅरिंग्टनने चुंबकीय वादळांचे कारण शोधून काढले. गोष्ट सुटसुटीत आहे. वर्गात सांगायला सोपी आहे. पण तिच्या तीन विधानांपैकी पहिले तेवढे बरोबर आहे.

कॅरिंग्टनने स्वतः काय लिहिले, हे पाहिले की गोष्ट कुठे घसरली ते समजते. त्याचे टिपण लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांत १८५९ च्या अखेरीस छापून आले. ते जेमतेम दोन-अडीच पानांचे आहे. शास्त्रीय लेखन कसे असावे याचा तो उत्तम नमुना आहे असे आम्हांला वाटते. त्यात उणिवाही आहेत, आणि त्याही शिकण्यासारख्या आहेत.

कॅरिंग्टन त्या दिवशी नेहमीप्रमाणे सौरडागांचे चित्र काढत होता. दुर्बिणीतून येणारी सूर्याची प्रतिमा त्याने फिकट पिवळसर रंगाचा लेप दिलेल्या काचेवर पाडली होती. प्रतिमेचा व्यास होता अकरा इंच. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी एका मोठ्या डागसमूहात पांढऱ्या, अतिशय तेजस्वी प्रकाशाचे दोन ठिपके उमटले. येथे तो काय करतो ते पाहावे. आपल्याला काही अद्‌भुत दिसले असे तो मानत नाही. दुर्बिणीच्या पडद्याला कुठेतरी भोक पडून सूर्यप्रकाश थेट आत येत असावा, अशी शंका तो आधी घेतो. मग दुर्बीण किंचित हलवून पाहतो. भोकातून आलेला प्रकाश प्रतिमेबरोबर सरकला नसता, पण हे ठिपके सरकले. म्हणजे ते सूर्यावरचेच. शंका, तिची तपासणी आणि निर्णय, हे सारे काही क्षणांत झाले, आणि टिपणात ते त्याच क्रमाने लिहिले गेले.

त्यानंतर साक्षीदार आणण्यासाठी तो धावत गेला. मिनिटभरात परत येतो तो प्रकाश बराच मंदावलेला. याची खंतही त्याने लपवलेली नाही. पाच मिनिटांत सारे संपले. मग त्याने डागांचे चित्र पुन्हा ताडून पाहिले. डागांच्या आकारात काहीच फरक पडला नव्हता. यावरून त्याने एवढेच अनुमान काढले, की ही घटना डागांच्या पातळीपेक्षा वर कुठेतरी घडली असावी. ते अनुमान बरोबर होते.

योगायोगाने रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही हायगेट येथून तेच दृश्य पाहिले होते. हे कळल्यावर कॅरिंग्टनने त्याच्याशी मुद्दाम काही बोलणे केले नाही, कारण दोन हकिगती स्वतंत्र राहिल्या तरच त्यांना किंमत. हॉजसनचे टिपणही त्याच अंकात आहे. त्यात मोजमाप थोडे आणि उपमा अधिक. सूर्यास्ताच्या ढगांची उजळलेली कड त्याला आठवते, तेजस्वी अभिजित तारा आठवतो. कॅरिंग्टनकडे आकृती आहे, वेळा आहेत, अंतर आहे. पण ते तेज डोळ्यांना कसे भासले हे हॉजसनच अधिक चांगले सांगतो. दोन्ही टिपणे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय घटनेचे पूर्ण चित्र उभे राहत नाही.

आता उणिवा. कॅरिंग्टन लिहितो, की त्या पाच मिनिटांत ठिपक्यांनी सुमारे ३५,००० मैलांचा प्रवास केला. ‘प्रवास केला’ हे निरीक्षण नव्हे, ते अनुमान आहे. दिसले ते एवढेच, की प्रकाश आधी एका जागी होता आणि नंतर दुसऱ्या जागी. एकच वस्तू सरकली, की शेजारशेजारच्या जागा एकामागून एक उजळत गेल्या? आजच्या समजुतीनुसार दुसरे खरे. डागसमूहावरील पीळ पडलेल्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, त्यांत साठलेली ऊर्जा मोकळी होते, आणि या रेषांची टोके जिथे टेकलेली असतात त्या जागा क्रमाने उजळतात. इतक्या काटेकोर लेखकाच्या हातूनही निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ झाली, ती एका क्रियापदातून.

दुसरी उणीव मांडणीची. क्यू येथील वेधशाळेच्या चुंबकीय नोंदीत त्याच सुमारास एक लहानसा झटका उमटला होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोठे वादळ सुरू झाले होते. ही सर्वांत महत्त्वाची माहिती टिपणाच्या शेवटी जोडलेल्या सूचनेत आली आहे. तेथे कॅरिंग्टनचे मतही नोंदले आहे: दोन घटना एकाच सुमारास घडल्या हे ध्यानात ठेवावे, पण एका उदाहरणावरून त्यांचा संबंध जोडण्याची घाई आपण करणार नाही. म्हणजे ज्या शोधाचे श्रेय आपण त्याला देतो, तो दावा करण्याचे त्याने स्पष्टपणे टाळले होते.

ही सावधगिरी अवाजवी होती का? पुढचा इतिहास पाहता नव्हती. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड केल्विन यांनी गणित मांडले, की आठ तासांच्या एका मध्यम चुंबकीय वादळासाठी सूर्याला जी ऊर्जा खर्चावी लागेल, ती त्याच्या चार महिन्यांच्या उष्णता व प्रकाशाइतकी असेल. सबब सूर्य आणि वादळे यांचा संबंध हा निव्वळ योगायोग. गणित चुकले नव्हते, गृहीत चुकले होते. सूर्य आपला चुंबकीय परिणाम थेट आणि सर्व दिशांना पाठवतो असे त्यांनी धरले होते. सूर्याकडून विद्युत्‌भारित द्रव्याचा ढग स्वतःचे चुंबकीय क्षेत्र घेऊन एकाच दिशेने निघू शकतो, ही कल्पना तेव्हा त्यांच्यापुढे नव्हती.

असे ढग प्रत्यक्ष दिसले ते १९७० च्या दशकात, अवकाशयानांतून. सूर्याच्या किरीटातून, म्हणजे कोरोनातून, होणारी ही द्रव्य-उत्क्षेपणे आणि सौरज्वाला या दोन वेगळ्या घटना आहेत. ज्वाला म्हणजे प्रामुख्याने प्रकाश व क्ष-किरण. ती आपल्यापर्यंत आठ मिनिटांत पोचते. क्यूच्या नोंदीतला लहान झटका तिचा. मोठे वादळ आणले ते ढगाने, सुमारे साडेसतरा तासांनी. १५ कोटी किलोमीटरांना या वेळेने भागून पाहावे. वेग सेकंदाला दोन हजार किलोमीटरांहून अधिक निघतो. नववीच्या वर्गातही हा भागाकार करता येईल, आणि ‘ज्वाला सतरा तासांनी आदळली’ हे वाक्य का चुकते ते विद्यार्थ्यांना आपोआप कळेल.

ही चूक केवळ लोकप्रिय लेखनातली नव्हे. १९९३ मध्ये जॅक गॉसलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘सौरज्वालेचे मिथक’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहून आपल्याच सहकाऱ्यांवर हा आक्षेप घेतला. ‘मिथक’ हा शब्द काहींना टोकाचा वाटला, कारण ज्वाला आणि उत्क्षेपण ही अनेकदा एकाच चुंबकीय उलथापालथीची दोन अंगे असतात. अनेकदा, पण नेहमी नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका प्रचंड डागसमूहातून सर्वांत वरच्या, एक्स वर्गाच्या सहा ज्वाला निघाल्या, आणि त्यांतील एकीबरोबरही उत्क्षेपण झाले नाही. पृथ्वीवर मोठे वादळ आले नाही.

या सगळ्यात मुंबईचाही वाटा आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी कुलाबा वेधशाळेत चुंबकीय उपकरणांवरील आकडे डोळ्यांनी वाचून दर काही मिनिटांनी लिहिले जात होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे साधारण चार टक्क्यांनी, घसरला. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता ठरवली. कुलाब्याच्या नोंदकर्त्यांना सूर्यावर काय घडले याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांनी दिसले ते लिहिले, आणि १४४ वर्षांनी ते उपयोगी पडले.

मे २०२४ मध्ये मोठे वादळ आले. लडाखमधील हानले येथून आकाशात लाल अरोरा टिपला गेला. ‘सूर्याची ज्वाला पृथ्वीवर आदळणार’ अशा वाक्यांनी त्या वेळी अनेकांना घाबरवले. मुले शिक्षकांना विचारतात, ती अशाच वेळी. तेव्हा ‘काही होत नाही’ एवढे उत्तर पुरे नाही. उपग्रह, विमानांशी होणारा रेडिओसंपर्क आणि वीजवाहिन्या यांना धोका असतो. आपल्या अंगाला नसतो, कारण वातावरण व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आड असतात. हा फरक सांगायचा तर ज्वाला कोणती आणि ढग कोणता, हे शिक्षकाला स्पष्ट हवे.

म्हणून आमची सूचना आहे की कॅरिंग्टनची गोष्ट सांगावीच, पण त्याच्या टिपणाच्या क्रमाने सांगावी: काय दिसले, कोणती शंका आली, ती कशी तपासली, काय सांगायचे टाळले. शाळेत लहान दुर्बीण असेल तर तिच्यातून कुणालाही सूर्याकडे पाहू देऊ नये. कॅरिंग्टनप्रमाणेच प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता डाग काढावेत, वेळ लिहावी, आणि मगच कागद शेजारी ठेवावेत. जिथे फरक दिसेल तिथे तो मिटवू नये. तारीख घालून दोन्ही कागद जपून ठेवावेत.