चौदा संघांचा पिचर : ‘जर्नीमन’ या शब्दाची चिकित्सा

समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर ग्रंथ येतो. आज आपण एका कारकिर्दीची समीक्षा करणार आहोत. देश अमेरिका, खेळ बेसबॉल, खेळाडू एडविन जॅक्सन. तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल. आजच्या विषयाला ते सोयीचंच आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. जॅक्सन पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. जन्म १९८३चा, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतला; वडील अमेरिकी सैन्यात होते. ९ सप्टेंबर २००३ रोजी, नेमक्या विसाव्या वाढदिवशी, तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिला सामना खेळला. समोर रँडी जॉन्सनसारखा दिग्गज पिचर होता, आणि जॅक्सन जिंकला. तिथून २०१९ पर्यंत तो मेजर लीगच्या तीस संघांपैकी चौदा संघांकडून खेळला. हा विक्रम आहे. त्याच्या नावावर विजय १०७ आणि पराभव १३३.

अशा खेळाडूला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात. ऐकताना वाटतं, याचा संबंध प्रवासाशी असणार. पण शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधला ‘दिवस’ आहे, दिवसभराचं काम आहे. युरोपातल्या जुन्या कारागिरांमध्ये उमेदवारी पुरी केलेला, पण स्वतःची कार्यशाळा नसलेला, दुसऱ्याकडे रोजावर राबणारा कसबी माणूस म्हणजे जर्नीमन. म्हणजे बघा, शब्दात तीन गोष्टी आहेत : काम येतं, मालकी नाही, आणि मजुरी रोजाची. आज त्यातलं फक्त भटकणं शिल्लक राहिलं. आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो.

जॅक्सनबद्दल दोन प्रकारे बोललं जातं. एक थट्टेचा सूर : कुठेच टिकला नाही. दुसरा कौतुकाचा : काय चिकाटी, चौदा ठिकाणी उभा राहिला! वरवर दोन्ही परस्परविरोधी. पण दोन्हींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की चौदा हा आकडा जॅक्सनबद्दल काही सांगतो. तसं आहे का?

संघ मोजून पाहू. डॉजर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं; तिथे संघ खेळाडू निवडतो, खेळाडू संघ निवडत नाही. मग टॅम्पा बे, डेट्रॉइट, अ‍ॅरिझोना, शिकागो व्हाइट सॉक्स, सेंट लुइस. हे पाचही बदल संघांनी आपसात केलेल्या सौद्यांतून झाले. २७ जुलै २०११ रोजी तर शिकागोने त्याला टोरंटोला दिलं आणि टोरंटोने त्याच दिवशी सेंट लुइसला. टोरंटोसाठी एक चेंडूही न टाकता तो पुढे गेला. त्याने स्वतः करार करून निवडलेला पहिला संघ वॉशिंग्टन, २०१२ मध्ये. आणि तो होता सातवा. म्हणजे पहिले सहा गणवेश ही सहा इतरांच्या निर्णयांची नोंद आहे. ती याच्या स्वभावाच्या खात्यावर कशी काय टाकायची?

इथे थोडं मागे जावं लागेल. १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या खेळाडूला, बारा हंगामांनंतर, न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लडने नकार दिला. माणूस म्हणजे विकायची वस्तू नव्हे, असं म्हणून तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण त्या लढ्यानंतर खेळाडूंना दोन गोष्टी मिळाल्या. सहा वर्षांच्या सेवेनंतर करार संपला की संघ निवडण्याची मोकळीक. आणि दहा वर्षांची सेवा, त्यातली शेवटची सलग पाच वर्षं एकाच संघात झाली असतील, तर सौदा नाकारण्याचा हक्क.

आता हा दुसरा नियम जॅक्सनला लावून बघा. दहा वर्षं भरली. पण एका संघात सलग पाच? कधीच नाही. जो पाच वर्षं टिकला त्यालाच ‘मला हलवू नका’ म्हणायची मुभा. ज्याला सतत हलवलं गेलं, त्याला ती मिळायची शक्यताच नाही. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्यालाच सातबारा, असा हा प्रकार.

इथे कोणीतरी म्हणेल, अहो, पण पैसे किती मिळाले! खरं आहे. शिकागो कब्जने त्याच्याशी चार वर्षांचा, ५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. हा मजूर गरीब नव्हता. पण फ्लडचंही वार्षिक मानधन ९० हजार डॉलर होतं, त्या काळात मोठंच, आणि त्यालाही लोक हेच ऐकवत होते. मोबदला आणि मत या वेगळ्या गोष्टी आहेत. कब्जने जॅक्सनला करार संपण्याआधीच मोकळं केलं. बेसबॉलमधले करार हमीचे असतात, त्यामुळे पैसे बुडाले नाहीत. जागा मात्र गेली.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने खरा पेच यापुढे आहे. आजचं बेसबॉलचं संख्याशास्त्र खेळाडूची किंमत एका काल्पनिक माणसाच्या तुलनेत ठरवतं. हा काल्पनिक माणूस म्हणजे स्वस्तात, केव्हाही मिळू शकेल असा बदली खेळाडू. तुम्ही त्याच्यापेक्षा किती सामने जास्त जिंकून देता, ती तुमची किंमत. कांटने १७८५ मध्ये एक भेद केला होता : ज्याच्या जागी तुल्य दुसरं ठेवता येतं त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. संघव्यवस्थापक किंमत बघणारच, तो त्याचा धंदा आहे. आमची तक्रार प्रेक्षकांबद्दल आणि लिहिणाऱ्यांबद्दल आहे. आपणही व्यवस्थापकाच्याच चष्म्यातून का बघतो?

२५ जून २०१०ची रात्र घ्या. जॅक्सन अ‍ॅरिझोनाकडून, आपल्याच जुन्या टॅम्पा बे संघाविरुद्ध खेळत होता. पहिल्या तीन डावांतच त्याने सात ‘वॉक’ दिले, म्हणजे सात फलंदाजांना दिशाहीन चेंडूंवर फुकट पुढे जाऊ दिलं. कुठलाही शहाणा प्रशिक्षक इथे पिचर बदलेल. याला ठेवलं गेलं. नऊ डाव, १४९ चेंडू, एकूण आठ वॉक, आणि प्रतिस्पर्ध्यांचा एकही ‘हिट’ नाही. सामना १-०ने जिंकला. याला ‘नो-हिटर’ म्हणतात. कित्येक थोर पिचरना आयुष्यभरात तो साधत नाही. ही कामगिरी सुबक नव्हती, धडपडीची होती. पण ती त्याचीच होती, तिला बदली नाही. आणि बरोबर पस्तीस दिवसांनी अ‍ॅरिझोनाने त्याला शिकागोला देऊन टाकलं.

आम्ही त्याला थोर ठरवायला निघालेलो नाही. त्याच्या पिचिंगमध्ये शिस्त कमी होती, २०१३ मध्ये तो अठरा सामने हरला, हे सगळं नोंदलेलं आहे आणि नोंदलं जावं. समीक्षेने दोष लपवू नयेत. पण दोष त्याच्या चेंडूंचे मोजा, इतरांनी केलेल्या सौद्यांचे नकोत.

शेवटी एक नोंद. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी मेजर लीगच्या संघांनी आपल्या मुख्य यादीतले खेळाडू सोडले नाहीत. त्यामुळे अमेरिकेचा संघ त्या यादीबाहेरच्यांमधून उभा राहिला : काही होतकरू, काही जॅक्सनसारखे उतरणीला लागलेले. त्या संघाला रौप्यपदक मिळालं. कोणत्याही यादीत नसणं त्याच्या एकदा तरी कामी आलं.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी आयपीएलच्या लिलावानंतर एखाद्याबद्दल ‘हा काय, दरवर्षी नवी जर्सी’ असं म्हणावंसं वाटलं, तर आधी विचारा : जर्सी बदलली कोणी? एवढं विचारलं तरी आजचं बोलणं सार्थकी लागलं.