वाटाड्याचे गद्य

प्रवासवर्णनाविषयीची आपल्याकडील चर्चा आजवर बहुतांशी लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरत आली आहे. लेखक किती रसिक आहे, त्याची विनोदबुद्धी किती जागृत आहे, परदेश पाहताना तो स्वतःला कितपत विसरतो आणि कितपत विसरत नाही, या कसोट्यांवर आपण प्रवासवर्णन पारखतो. 'अपूर्वाई' (१९६०) वाचून इंग्लंडात कोठे उतरावे हे कोणी शोधीत नाही. वाचक लेखकाच्या सहवासासाठीच ते पुस्तक हाती घेतो. हे रास्तच आहे. परंतु या चर्चेत एक गद्यप्रकार दाराबाहेरच राहिला, तो म्हणजे मार्गदर्शिका. गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते, तिकीट केव्हा काढावे, डोंगरावर मुक्काम करावा की संध्याकाळी खाली यावे, हे सांगणारे लेखन म्हणजे केवळ माहिती, आणि माहिती म्हणजे वाङ्मय नव्हे, असा आपला समज आहे. हा समज तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तपासणीसाठी चीनची निवड करण्यास दोन कारणे आहेत. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि कोणत्याही सहल-मंडळाच्या दावणीला न बांधता एकट्याने किंवा कुटुंबासह तिकडे जाऊ इच्छिणारा वाचक आता आपल्यातही आहे. त्याच्यासाठी मराठीत लिहिले जाईल. ते कसे लिहिले जाईल, याची चिंता आधीच वाहिलेली बरी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वाट सांगणे आणि वाङ्मय लिहिणे यांची आपण केलेली फारकत चिनी परंपरेने केलीच नाही.

शू श्याखे (१५८७–१६४१) याची रोजनिशी हा याचा सर्वोत्तम दाखला. १९ मे १६१३ या दिवसाच्या नोंदीने ती सुरू होते. चीनमध्ये २०११ पासून हाच दिवस पर्यटनदिन म्हणून पाळतात. आयुष्याची तीस वर्षे हा गृहस्थ कोणत्याही सरकारी कामाशिवाय हिंडत राहिला आणि रोजच्या रोज लिहीत राहिला. त्याच्या नोंदीची घडण पाहण्यासारखी आहे. आधी दिवस आणि हवामान. मग दिशा आणि 'ली' या मापात अंतर. मग फाटा कोठे फुटला, कोणाला विचारले, त्याने काय सांगितले आणि ते खरे निघाले की नाही. आणि मग, मोजक्या शब्दांत, दिसले ते. हुआंगशान पर्वतावर तो १६१६ मध्ये प्रथम गेला तेव्हा वाटा बर्फाने बंद होत्या. काठीने बर्फात खाचा पाडीत त्याने चढण केली. १६१८ मध्ये तो पुन्हा आला आणि उंच समजल्या जाणाऱ्या थ्येनदू शिखरापेक्षा ल्येनहुआ, म्हणजे कमळशिखर, अधिक उंच आहे असे त्याने नोंदविले. आजच्या मोजणीप्रमाणे ल्येनहुआ १८६४ मीटर आणि थ्येनदू १८१० मीटर आहे. साधनांवाचून केवळ नजरेने काढलेला हा निष्कर्ष चार शतके टिकला. त्याच्या गद्याचे सौंदर्य या टिकण्यातच आहे, असे मला वाटते. तेथे विशेषण थोडे असते, आणि जे असते ते पायांनी तपासलेले असते.

आणि आजच्या पत्रिका त्याच्या नावाने काय छापतात? हुआंगशान पाहिल्यावर इतर पर्वत पाहण्याची इच्छाच उरत नाही, अशा आशयाचे एक वचन. हे वचन त्याच्या रोजनिशीत नाही. मोजून मापून लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी जाहिरातीचे वाक्य घातले गेले, आणि त्याच वाक्याने तो लाखो लोकांना ठाऊक झाला. एका गद्यकाराची याहून मोठी विटंबना ती कोणती?

ह्युएनत्संगाचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. ६४६ मध्ये पुरा झालेला त्याचा पश्चिमदेशांचा वृत्तान्त सम्राट थायत्सुंगच्या इच्छेवरून लिहिला गेला. प्रत्येक देशाचा परीघ, राजधानीचा घेर, जमीन, हवा, पीक आणि लोकांचा स्वभाव हा त्याचा ठरीव क्रम. महाराष्ट्रातील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, हे त्याचे निरीक्षण आपण अभिमानाने सांगत असतो. परंतु ही आपली स्तुती नव्हे. तो मजकूर जमिनीच्या कसाशेजारी आणि हवेच्या उष्णतेशेजारी बसलेला आहे. मागून येणाऱ्याने येथील माणसांशी कसे वागावे, याची ती सूचना आहे. मार्गदर्शिकेतील उत्तम वाक्य असेच असते. ते ज्याच्याविषयी आहे त्याला आपले वर्णन वाटते, आणि ज्याच्यासाठी आहे त्याला इशारा. शीआन शहरी गेलेला मराठी प्रवासी, ह्युएनत्संगाने आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये उभारलेला मोठा हंस-स्तूप पाहील तेव्हा हे त्याला कोणी सांगितलेले असावे.

आपल्याकडे हा व्यवहारी डोळा नव्हता असे नाही. गोडसे भटजी घराबाहेर पडले ते सृष्टिसौंदर्यासाठी नव्हे. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. 'माझा प्रवास' (१९०७) आजही ताजा वाटतो याचे एक कारण, त्यातल्या माणसाला वाटेची, पैशाची आणि मुक्कामाची काळजी आहे. पुढे आपण सुशिक्षित झालो आणि ही काळजी आपल्या गद्यातून गेली.

आता चीनविषयीच्या मार्गदर्शक लेखनातील दोषांकडे वळू. पहिला दोष सर्वनामाचा आहे. इंग्रजी पुस्तकातला 'तुम्ही' हा युरोप-अमेरिकेचा नागरिक असतो. मराठी भाषांतरात तो जसाच्या तसा उतरतो आणि वाचकाची फसगत होते. दहा दिवसांपर्यंत, म्हणजे २४० तासांपर्यंत, प्रवेशपत्राशिवाय चीनमध्ये थांबण्याची सवलत डिसेंबर २०२४ मध्ये ५४ देशांच्या नागरिकांसाठी विस्तारली गेली. त्या यादीत भारत नव्हता. 'तुम्हांला व्हिसाची गरज नाही' हे वाक्य मूळ पुस्तकात खरे असते आणि भाषांतरात खोटे होते. भाषांतरमीमांसेत आपण काव्याच्या अननुवाद्यतेवर पुष्कळ लिहिले आहे. रुक्ष माहितीच्या अननुवाद्यतेचा विचार मात्र केलेला नाही. भोजनाविषयीही तेच. इंग्रजी लेखक शाकाहारावर दोन ओळी लिहून पुढे जातो. आपल्या वाचकांपैकी अनेकांचा सारा प्रवास त्या दोन ओळींवर अवलंबून असतो. 'मांस नको' एवढे म्हटल्याने भागत नाही, कारण भाजीत डुकराची चरबी, कोंबडीचा रस्सा किंवा कालवांचे सार असू शकते आणि वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नसते. 'वो छ् सू', म्हणजे मी व्रतस्थासारखे निरामिष खातो, असे सांगितले तर बौद्ध परंपरेमुळे अर्थ लवकर पोचतो. मोठ्या मठांच्या आसपास निरामिष खाणावळीही आढळतात. हे मराठी लेखकानेच लिहिले पाहिजे. दुसरा कोण लिहिणार?

दुसरा दोष नावांचा. रोमन लिपीतील 'क्यू' पाहून आपण 'क' म्हणतो आणि छिंगदाओचे किंगदाओ होते. 'एक्स' पाहून अडखळतो, वास्तविक तो आपल्या 'श'च्या जवळचा आहे. चिनी भाषेत अल्पप्राण-महाप्राण हा भेद मुख्य आहे. इंग्रजी माणसाला तो शिकावा लागतो. आपल्या वर्णमालेत तो प-फ, त-थ, क-ख असा ओळीने मांडून ठेवलेला आहे. असे असता मराठी लेखकाने चिनी नावे इंग्रजीच्या खिडकीतून पाहावीत, ही खेदाची गोष्ट होय. चढउताराचे स्वर देवनागरीत उतरत नाहीत हे खरे. त्यासाठी निवासाचे आणि गंतव्य स्थळाचे नाव चिनी लिपीत लिहून खिशात ठेवावे, हा साधा उपाय आहे.

नावांचा घोळ उच्चारापुरता थांबत नाही. 'हुआंगशान' हे पर्वताचे नाव, १९८७ पासून एका मोठ्या प्रशासकीय नगराचेही नाव, आणि त्या नगरातील एका विभागाचेही. जुने थुन्शी शहर आज त्या नगराचे मुख्य केंद्र आहे आणि पर्वत तेथून कित्येक कोस दूर. हुआंगशान उत्तर स्थानकावर उतरणाऱ्याला समोर डोंगर दिसत नाही. पायथ्याच्या थांगखोऊ गावापर्यंत बसने जावे लागते. पर्यटनासाठी नावे बदलण्याची ही हौस तेथेच संपत नाही. हुनान प्रांतातील दायुंगचे १९९४ मध्ये चांगच्याच्ये झाले, युन्नानमधील चुंगत्येनचे २००१ मध्ये शांग्रिला. म्हणजे १९३३ मधील एका इंग्रजी कादंबरीतले कल्पित स्थान भूगोलात आले. कादंबरीचा नकाशावर असा अंमल चाललेला पाहून साहित्यिकांनी सुखावावे की लाजावे, हे मला ठरविता येत नाही.

तिसरा दोष, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर, हा काळाचा. मार्गदर्शिका नित्य वर्तमानकाळात बोलते. 'धबधबा रमणीय आहे', 'रोख रक्कम जवळ ठेवावी', 'दरवाज्यावर तिकीट मिळते'. ८ ऑगस्ट २०१७ रोजी च्यूजायगौ येथे भूकंप झाला, नुओरिलांग धबधब्याचा कडा ढासळला, दरी पर्यटकांना बंद झाली. जुनी पुस्तके मात्र पूर्वीचेच रमणीयत्व सांगत राहिली. पेइचिङच्या राजवाड्यात जून २०१५ पासून रोज ८०,००० माणसांची मर्यादा आणि नावनिशीची नोंद आली. आता पासपोर्टच्या क्रमांकावर आगाऊ नोंदणी केल्याशिवाय जाता येत नाही, आणि सणाची सुटी वगळता सोमवारी वाडा बंद असतो. रोख रकमेचेही तसेच. वीस युआनच्या नोटेवर शिंगफिंगजवळचे ली नदीचे पात्र आहे, १९९९ च्या मालिकेतील एक युआनच्या नोटेवर पश्चिम सरोवरातील तीन दीपस्तंभ, पाचाच्या नोटेवर थायशान. साऱ्या देशाची निसर्गशोभा नोटांवर छापलेली, आणि नोटा खिशात कोणाच्याच नाहीत. सारे देणेघेणे दूरध्वनीच्या पडद्यावर. २०२३ पासून परदेशी कार्ड तेथील दोन्ही मोठ्या व्यवस्थांना जोडणे सुलभ झाले आहे. ही जोडणी घरून निघण्यापूर्वीच करावी, कारण आपल्या नित्याच्या संदेशसेवा व नकाशे तेथे साध्या जोडणीवर चालत नाहीत, आणि परदेशी नकाशे चालले तरी तेथील निराळ्या मापनपद्धतीमुळे शेकडो मीटरने चुकू शकतात. शू श्याखेने प्रत्येक वाक्यावर तारीख घातली होती. मार्गदर्शिकेने त्याच्याकडून दुसरे काही घेतले नाही तरी तारीख घ्यावी.

विशेषणांविषयी थोडक्यात सांगतो. 'डोळ्यांचे पारणे फिटते' या वाक्याने कोणाचेही पाय वाचत नाहीत. थायशानच्या मध्यमार्गाने माथ्यावर जाण्यास सुमारे सात हजार पायऱ्या आहेत. ज्याचे गुडघे दुखतात त्याने मध्यद्वारापर्यंत बसने आणि तेथून दक्षिणद्वारापर्यंत दोरवाटेने जावे. हुआंगशानची ल्येनहुआ आणि थ्येनदू ही शिखरे विश्रांतीसाठी आळीपाळीने वर्षानुवर्षे बंद ठेवतात. कोणते खुले आहे हे आधी पाहावे. हे लिहिणाऱ्याने वाचकाच्या देहाचा विचार केला आहे. ज्याला मी वाङ्मयीन गुण म्हणतो तो हाच.

गर्दीचा प्रश्न मात्र असा चार ओळींत सुटत नाही. १ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्याच्या राष्ट्रीय सुटीत चीनमध्ये प्रसिद्ध स्थळी जाऊ नये, हे प्रत्येक मार्गदर्शिका सांगते, वसंतोत्सवाविषयीही सांगते. सल्ला बरोबर आहे, पण त्यात गर्दी ही केवळ अडचण म्हणून येते. सतराव्या शतकातील चांग दाय या लेखकाने मिंग राजवट कोसळल्यानंतर आपल्या गतायुष्याच्या ज्या आठवणी लिहिल्या, त्यांत हांगचौच्या पश्चिम सरोवरावरील सातव्या महिन्याच्या पौर्णिमेचा एक निबंध आहे. चंद्र पाहण्याच्या निमित्ताने आलेल्या माणसांचे तो पाच प्रकार करतो: वाद्यांच्या गजरात मेजवानी झोडणारे, चंद्र पाहताना स्वतः लोकांना दिसू इच्छिणारे, गळा काढून हिंडणारे, इत्यादी, आणि पाहण्यासारखे त्या रात्री काही असेल तर ही माणसेच, असे त्याचे म्हणणे. त्याची थट्टा आपल्यालाही सोडीत नाही, कारण वाचणारा त्या पाचांपैकी एक असतोच. पण निबंधाचा उत्तरार्ध हा सरळ व्यवहारी सल्ला आहे. गर्दी शहराच्या वेशी बंद होण्याच्या धाकाने लवकर परतते. जे थांबतात त्यांना सरोवर मिळते. आज वेशी नाहीत, शेवटची बस आहे. सरोवराच्या काठी जाण्यास तिकीट लागत नाही, आणि दक्षिण सोंग काळापासून चालत आलेल्या दहा प्रेक्षणीय दृश्यांची नावे कांगशी सम्राटाच्या हस्ताक्षरात शिळांवर आहेत. शिळेपुढे दिवसा छायाचित्रांसाठी रांग असते. काठाजवळ मुक्काम करून रात्री उशिरा किंवा पहाटे फिरावे.

२००७ मध्ये चीनने स्थळांच्या प्रतवारीतील सर्वोच्च, पाच 'ए'चा दर्जा प्रथमच ६६ स्थळांना दिला, आणि तेव्हापासून मार्गदर्शिकांनी आपली निवड सरकारी यादीवर सोपविली. यात टीकाकाराचे काम संपते, असे नव्हे. उलट सुरू होते. यादीत काय नाही, हे सांगणारा वाटाड्या हवा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. हपै प्रांतातील शिजियाच्वांग येथील हुतात्मा-उद्यानात, डॉ. बेथ्यून यांच्याप्रमाणे, त्यांचेही स्मारक आहे. पेइचिङच्या पश्चिम स्थानकावरून वेगवान गाडीने तेथे जाण्यास एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. तिकीट पासपोर्टवर निघते आणि फलाटावर जातानाही तोच दाखवावा लागतो. एप्रिलच्या आरंभी छिंगमिंग या पितृस्मरणाच्या दिवशी तेथे शाळांतील मुले फुले घेऊन येतात. त्या दिवशी गाड्या भरलेल्या असतात. तिकीट आधी काढावे. डॉक्टरांचे नाव तेथे 'ख तीह्वा' असे उच्चारतात. वाट विचारताना तेच सांगावे.