राक्षसाचे पुनरुत्थान आणि दहा अवतार

गेल्या पावसाळ्यात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्यापाशी थांबला. कळमनुरी तालुक्यातल्या एका वाडीचा मुलगा. घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. त्याने मोबाईलवर एक गाणे लावले आणि म्हणाला, "सर, वाजवतात जबरदस्त. पण यांच्या यादीत बुद्ध नववा कसा?"

गाणे होते 'बुद्ध – द टीचर'. वाद्यवृंद मुंबईचा, नाव 'डेमॉनिक रिझरेक्शन'. संग्रहाचे नाव 'दशावतार', प्रकाशन २०१७ सालचे. त्या मुलाला मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले आणि घरी आलो. पण प्रश्न दोन वाक्यांत मिटणारा नव्हता. मी तो संग्रह पुन्हा पुन्हा ऐकला. हा लेख त्या ऐकण्यातून आला आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना हे संगीत परके वाटेल, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. 'मेटल' म्हणजे जडावलेल्या, करकरणाऱ्या विजेच्या गिटारींचे संगीत. ढोल दोन्ही पायांनी इतका जलद वाजतो की ठोके सुटे न राहता त्यांची सरसर होते. गायक गळ्याऐवजी पोटातून गुरगुरतो. याच संगीताची लांब रचनांची, मध्येच ताल बदलणारी, एका कथेभोवती अख्खा संग्रह गुंफणारी जी चाल आहे तिला 'प्रोग्रेसिव्ह' म्हणतात. शब्दाचा अर्थ पुरोगामी. पण हे पुरोगामित्व रचनेचे आहे, विचाराचे असेलच असे नाही. हा भेद लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

डेमॉनिक रिझरेक्शन हा वाद्यवृंद २००० साली साहिल मखिजा यांनी मुंबईत उभा केला. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०), 'द डेमन किंग' (२०१४) अशी त्यांची वाटचाल. मृत्यू आणि अंधार गाणाऱ्या युरोपीय मेटलचे दोन-तीन प्रवाह एकत्र करून त्यांनी स्वतःचा असा एक आवाज घडवला. गुरगुरणारा स्वर आणि स्वच्छ गाता स्वर एकमेकांसमोर उभे करायचे, ही त्यांची ओळख. २०१०चा संग्रह तर ब्रिटनमधल्या कंपनीने जगभर नेला.

'दशावतार'मध्ये हा आवाज अधिक घोटला गेला आहे, यात शंका नाही. वेगावर ताबा आला आहे. गिटारींच्या भिंतीत सतार आणि तबला येतात, संस्कृत पठण येते. ही वाद्ये वरून चिकटवलेली वाटत नाहीत. रचनेत त्यांना जागा करून दिलेली आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी, दहा अवतार. कारागिरी म्हणून हे काम वरच्या दर्जाचे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्या समीक्षेला कारागिरी ऐकू येत नाही, तिने आशयावर बोलू नये, असे माझे मत आहे.

पण आता नावाकडे वळू. डेमॉनिक रिझरेक्शन म्हणजे राक्षसाचे पुनरुत्थान. या देशात हे नाव घेणे साधी गोष्ट नाही. युरोपातल्या तरुणाने चर्चवर रागावून सैतानाचे नाव घेतले, तर ते त्याच्या घरातले भांडण आहे. आपल्याकडे राक्षस कोण, याचे उत्तर जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त देऊन ठेवले आहे. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम हा त्यांच्या मते देवाच्या लीलांचा क्रम नव्हे. बाहेरून आलेल्यांनी इथल्या लोकांवर केलेल्या स्वाऱ्यांचा तो क्रम आहे. बळी हा त्यांनी आपला राजा मानला. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याचे अधिकारी ठरवले. परशुराम चिरंजीव असेल तर त्याने सहा महिन्यांत हजर व्हावे, अशी जाहीर नोटीसही काढली. जोतीरावांचा इतिहास आजच्या संशोधनाच्या कसोटीवर अक्षरशः टिकेल का, हा वेगळा प्रश्न. त्यांनी गोष्ट कोणत्या बाजूने ऐकायची ते बदलले, हे महत्त्वाचे.

या संग्रहात गोष्ट कोणत्या बाजूने ऐकली आहे? दुर्दैवाने, पुराणाच्या बाजूने. ज्या वाद्यवृंदाने नाव राक्षसाच्या पुनरुत्थानाचे घेतले, तीन वर्षांपूर्वी संग्रहाला राक्षसराजाचे नाव दिले, त्याने 'आपल्या मातीकडे' वळताच राक्षसाला मारणाऱ्यांची कथा हाती घेतली.

कूर्माचे घ्या. समुद्रमंथनात वासुकीच्या तोंडाकडची बाजू असुरांकडे, विषारी फूत्कार त्यांच्या अंगावर, आणि अमृत देवांकडे. ज्याने दुसऱ्याच्या शेतात राबून सुगीला हात हलवत घर गाठले आहे, त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. वामनाचे घ्या. आमच्याकडे दिवाळीत बाया ओवाळतात ते बळीचे राज्य यावे म्हणून. वामनाचे यावे असे कुणी म्हणत नाही. एवढी मोठी लोकस्मृती उशाशी असताना संगीतकाराच्या कानाला ती लागू नये, याचे दुःख वाटते. गुरगुरणाऱ्या आवाजाला बळीइतका योग्य नायक दुसरा कोण मिळाला असता? पाताळात दडपलेल्याचा आवाज असाच निघणार.

आणि आता तो नववा. गाण्याचे शीर्षक आदराचे आहे: बुद्ध, शिक्षक. पण यादी तशीच ठेवून नुसता आदर पुरत नाही. विष्णुपुराणात विष्णू आपल्या देहातून मायामोह उत्पन्न करतो. तो असुरांना वेदमार्गापासून ढळवतो, मग देव त्यांना मारतात. भागवतातला बुद्धही देवांच्या शत्रूंना मोहात पाडायलाच येणार आहे. म्हणजे या यादीतला 'शिक्षक' खोटे शिकवून विद्यार्थ्यांना मृत्यूच्या दारात नेणारा आहे! वर्गात खडू धरणारा माणूस म्हणून मला ही निंदा फार बोचते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये, बुद्ध विष्णूचा अवतार नाही, हे स्वतंत्रपणे का घालावे लागले, ते यावरून कळावे. त्या विद्यार्थ्याच्या घरी या प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. त्याचा प्रश्न तिथून आलेला होता.

दहाव्या गाण्याचे शीर्षक 'कल्की – द डिस्ट्रॉयर ऑफ फिल्थ', घाणीचा संहारक. 'कल्क' म्हणजे मळ, असा शब्दकोशाचा आधार आहे. कुणी मुद्दाम अपमान केला असे मी म्हणत नाही. परंतु पुराणातला कल्की येतो तो म्लेंच्छ आणि दस्यूंना मारून वर्णधर्माची घडी पुन्हा बसवायला. ज्या देशात घाण उपसणाऱ्यालाच घाण म्हटले गेले, तिथे हे शीर्षक ऐकताना आमचा माणूस आनंदाने मान डोलावील काय?

साहिल मखिजांवर धर्मवेडाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. 'डेमनस्टीलर' या नावाने त्यांनी २०२३ साली 'द प्रोपगंडा मशीन' हा संग्रह काढला. प्रचारयंत्रणेच्या विरोधात तो स्पष्ट बोलतो. म्हणूनच मुद्दा व्यक्तीच्या हेतूचा नाही, तो अधिक खोल आहे. महानगरातला कलावंत 'भारतीयपणा' शोधायला निघाला की त्याच्या हाताला सतार, संस्कृत आणि पुराण एवढेच लागते. हलगी लागत नाही, संबळ लागत नाही. ताणलेल्या कातड्याचा कडकडाट मेटलच्या इतका जवळचा असूनही लागत नाही. कारण त्या कातड्याला जात आहे. माझे वडील गावच्या मिरवणुकीत हलगी वाजवत पुढे चालत आणि देवळाच्या पायरीशी थांबत. आवाज आत जाई, माणूस बाहेर राही. संगीतातही तेच घडावे?

हे अपरिहार्य नाही. चेन्नईत २०१७ साली उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने गिटारीशेजारी वस्तीतले गाना संगीत बसवले आणि जातीचे नाव घेऊन गायले. आपल्या कोकणात तर दशावतारी खेळाच्या पूर्वरंगातच काळ्या वेशातला संकासुर येतो, मालवणीत बोलतो, लोकांना हसवतो. शेवटी विष्णू त्याला मारतो हे खरे. पण मरण्याआधी त्याला तोंड असते आणि प्रेक्षक त्याचे असतात. त्या अडाणी ठरवलेल्या रंगभूमीने असुराला दिलेली जागा मुंबईच्या प्रगत संगीताला देता आली नाही.

आवाज घोटला म्हणजे कलावंत परिपक्व झाला, असे आपण चटकन म्हणतो. आवाज कुणाच्या बाजूने घोटला, हेही विचारले पाहिजे. डेमॉनिक रिझरेक्शनने आपला स्वर कमावला आणि ज्याच्यासाठी तो स्वर शोभला असता त्याला गमावले.

त्या मुलाने गाणे मोबाईलमधून काढून टाकले का, असे मी नंतर विचारले. तो म्हणाला, "नाही सर. ड्रम ऐकतो. शब्द आपले लिहायचेत." वहीत त्याने बळीवर चार ओळी लिहिल्या आहेत. अजून कच्च्या आहेत, आणि मी त्याला तसे सांगितले आहे.