कायद्यानंतरची गुलामगिरी : फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मचरित्रांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीचे अग्रणी फ्रेडरिक डग्लस (१८१८–१८९५) यांचा जीवनपट बहुपरिचित आहे. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्म, चोरून मिळविलेले अक्षरज्ञान, १८३८ मधील पलायन आणि पुढे वक्ता व संपादक म्हणून लाभलेला लौकिक असे त्याचे टप्पे आहेत. मात्र स्वकष्टाने मोठ्या झालेल्या माणसाची यशोगाथा एवढ्याच दृष्टीने त्याकडे पाहिल्यास डग्लस यांच्या वारशातील मोलाचा भाग निसटतो. अन्याय संपल्याचे कायद्याने जाहीर झाल्यानंतर चळवळीने काय करावे, हा त्यांच्या उत्तरायुष्यातील मध्यवर्ती प्रश्न होता. आजच्या सामाजिक न्यायाच्या विचारालाही तोच प्रश्न अधिक जवळचा आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या आत्मचरित्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

एकाच जीवनाचे पुनर्लेखन

डग्लस यांनी आपले आयुष्य तीनदा लिहिले. १८४५ च्या पहिल्या आत्मचरित्राला विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना व वेंडेल फिलिप्स यांचे पत्र जोडलेले आहे. गुलामाच्या कथनाला गोऱ्या सुधारकांच्या साक्षीची गरज भासत होती, हे यातून दिसून येते. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्राला मात्र जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांची प्रस्तावना आहे. हा बदल केवळ औपचारिक नाही. आपण फक्त घडलेल्या घटना सांगाव्यात आणि त्यांचा अर्थ इतरांनी लावावा, अशी चळवळीतील सहकाऱ्यांची अपेक्षा होती, असे डग्लस या दुसऱ्या ग्रंथात नोंदवितात. अनुभव पीडिताचा आणि विचार सुधारकाचा ही विभागणी त्यांनी नाकारली. १८४७ मध्ये रॉचेस्टर येथून स्वतःचे वृत्तपत्र सुरू करण्यामागेही हीच भूमिका दिसते.

तिसरे आत्मचरित्र १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १८९२ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. पहिल्या ग्रंथात इतरांच्या सुरक्षिततेसाठी दडवून ठेवलेली पलायनाची हकिकत येथे प्रथमच सविस्तर येते. त्याचबरोबर, स्वातंत्र्यानंतरची निराशाही येथे शब्दबद्ध होते. १८७५ च्या नागरी हक्क कायद्यातील महत्त्वाची कलमे सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये रद्दबातल ठरविली. त्याची खंत १८९२ च्या आवृत्तीत आहे. मुक्तीची कथा दर वेळी पुन्हा लिहावी लागते, कारण मुक्ती दर वेळी अपुरी ठरते, असा या तीन ग्रंथांचा एकत्रित अर्थ लावता येईल.

१८६५ चा मतभेद

या दृष्टीने मे १८६५ मधील एक वाद विशेष उद्बोधक आहे. तेराव्या घटनादुरुस्तीला काँग्रेसची मान्यता मिळालेली होती. कार्य सिद्धीस गेल्याने अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था विसर्जित करावी, असा गॅरिसन यांचा आग्रह होता. डग्लस यांनी त्यास विरोध केला. कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळेपर्यंत गुलामगिरी संपली असे म्हणता येणार नाही, आणि जुनी व्यवस्था नवे रूप घेऊन परत येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. संस्था टिकली व पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर १८७० मध्ये विसर्जित झाली. दरम्यान दक्षिणेतील राज्यांनी 'ब्लॅक कोड' म्हणून ओळखले जाणारे कायदे करून मुक्त झालेल्यांचे श्रम आणि संचार जखडून टाकले. डग्लस यांची भीती काही महिन्यांतच खरी ठरली.

वारशाच्या मर्यादा

तथापि डग्लस यांची चिकित्साही आवश्यक आहे. १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव त्यांनी उचलून धरला होता. १८६९ मध्ये मात्र, कृष्णवर्णीयांवरील हिंसाचाराची निकड पुढे करून, स्त्रियांना वगळणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीस त्यांनी पाठिंबा दिला. दुसरी मर्यादा अँजेला डेव्हिस यांनी दाखवून दिली आहे. तेराव्या घटनादुरुस्तीने गुन्ह्याच्या शिक्षेपुरता सक्तीच्या श्रमाचा अपवाद ठेवला आणि त्या आडोशाने कैद्यांचे श्रम भाड्याने देण्याची पद्धत दक्षिणेत फोफावली. मताधिकार व नागरी हक्क यांवर भिस्त ठेवणाऱ्या डग्लस यांनी या पद्धतीकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असा डेव्हिस यांचा आक्षेप आहे. तो गंभीर आहे. पण जुन्या व्यवस्थेचे नवे रूप ओळखण्याची कसोटी डग्लस यांनीच १८६५ मध्ये घालून दिली होती, हेही विसरता येत नाही. हा प्रश्न अद्याप जिवंत आहे. २०२२ मध्ये अलाबामासह चार राज्यांच्या मतदारांनी आपापल्या राज्यघटनेतील असा अपवाद काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तशाच स्वरूपाचा प्रस्ताव फेटाळला.

फुले यांची 'गुलामगिरी'

मराठी वाचकाला या इतिहासाशी जोडणारा दुवा म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ होय. गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी तो अर्पण केला. अमेरिकेचे उदाहरण देशबांधवांसमोर ठेवणे हा त्यामागील हेतू होता. फुले ज्या कार्याचा सिद्धीस गेलेले कार्य म्हणून गौरव करीत होते, ते अपुरे असल्याचे डग्लस त्याच काळात बजावीत होते. पण हा विरोध वरवरचा आहे. ज्यांची बाजारात खरेदी-विक्री होत नव्हती, अशा शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला फुले यांनी 'गुलामगिरी' हेच नाव दिले. गुलामगिरी विक्रीपत्रात नव्हे, तर समाजरचनेत व मनात असते, ही दोघांच्या विचारातील समान भूमी आहे. त्यासाठी त्यांच्यातील प्रत्यक्ष संबंध शोधण्याची गरज नाही.

समारोप

डग्लस यांच्या वारशातून दोन कसोट्या हाती येतात. कायदा झाल्यानंतर त्या लोकांच्या श्रमावर, संचारावर व मतावर कोणाची सत्ता राहिली, ही पहिली. आणि त्यांच्या अनुभवाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, ही दुसरी. उच्चशिक्षणाच्या क्षेत्राशी दुसरीचा संबंध थेट आहे. शोषितांची आत्मकथने अभ्यासक्रमात आली, तरी ती केवळ 'अनुभवाचा दस्तऐवज' म्हणून शिकविली गेली, तर १८४५ च्या ग्रंथाला जोडलेल्या त्या साक्षीपत्रांच्या पुढे अध्यापन गेले नाही, असेच म्हणावे लागेल.